डावं-उजवं

गिन्झातल्या आठ खुर्च्यांच्या सुशीच्या दुकानात निशिवाकीची टकळी सुरू होती. "ओमाकासे म्हणजे सगळं उस्तादांवर सोपवायचं, चिझुको. ते देतील ते मुकाट खायचं. आणि तो डावा हात खाली घे! बत्तीस वर्षं सांगतोय, कसलं वळण म्हणून नाही तुला!"

चिझुकोने हात मांडीवर दडवला. या शहाणपणाचा तिला आता रागही येत नसे, नुसती शिसारी येई.

समोर सुशी वळणाऱ्या उस्तादांनी नवऱ्याच्या सुशीचं तोंड उजवीकडे ठेवलं, तिच्या सुशीचं डावीकडे.

"अहो उस्ताद, हिची उलटी ठेवलीत की!" निशिवाकी फिस्सकन हसला.



"बाईंच्या डाव्या हाताला ती अशीच सोयीची पडते," उस्ताद म्हणाले. "सगळं माझ्यावर सोपवलंत ना, साहेब? मग मुकाट खा."