तेवढाच दोरा

संमतिपत्रावर अजितची सही झाली होती. खालची रेघ मंजूषासाठी कोरी होती.

"टाक गं सही. म्हणजे माझ्या पासपोर्टपाशी ठेवते एकदाची," सासूबाई म्हणाल्या. मांडीवरच्या दहा महिन्यांच्या संहिताला त्या मऊ भात भरवत होत्या. त्यांचा नव्वद दिवसांचा व्हिसा शुक्रवारी संपत होता. नात त्यांच्याबरोबर पुण्याला जाणार आणि इथे उइटहॉर्नच्या पाळणाघरात जागा झाली की मार्चमध्ये परत येणार, असं ठरलं होतं. म्हणजे आठ महिने.

"एवढी एक नोंद संपवते, आई."

आतापर्यंत मंजूषा घरूनच काम करायची. सोमवारपासून हार्लेमच्या ऑफिसात हजर व्हायचं होतं, नाहीतर करार वाढणार नव्हता. डच नौदलाचे जुने कागद संगणक वाचायचा आणि तो जिथे अडेल तिथे ती तपासायची. आज समोर एक कप्तान होता, शिडांच्या जहाजांच्या काळातला. तेराव्या वर्षी जहाजावर चढलेला. बाविसाव्या वर्षी लेफ्टनंट, पस्तिसाव्या वर्षी कप्तान. सात जहाजं, दोन लढाया, एकदा पिवळा ताप.

"घरी कधी होता मग हा?" सासूबाईंनी विचारलं.

"लग्नानंतरच्या अकरा वर्षांत चौदा महिने."

"म्हणजे आपला अजितच की. तो येतो तेव्हा पोर झोपलेली, जातो तेव्हाही झोपलेली."

मंजूषा हसली आणि पुन्हा पडद्याकडे वळली.

कप्तानाची बायको पत्र पाठवताना लेकीच्या उंचीएवढा दोरा कापून घडीत ठेवायची. दोरे अजून शिल्लक होते. कोणीतरी ते मोजून आकडे लिहून ठेवले होते. चौऱ्याऐंशी सेंटिमीटर. एक्क्याण्णव. सत्त्याण्णव. सत्त्याण्णव. सत्त्याण्णव. शेवटचे दोन संगणकाने लाल केले होते. तोच आकडा चुकून पुन्हा लिहिला गेला असावा, असं त्याचं म्हणणं.

तिने दोऱ्यांचे फोटो उघडले. चूक नव्हती. सत्त्याण्णवचे दोरे खरंच तीन होते, पत्रंही तीन, पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत दीड वर्ष गेलेलं. मग तिने चर्चची दफनाची नोंद काढली. मुलीचं नाव दोनदा वाचलं. तारीख पहिल्या सत्त्याण्णवनंतरची होती, दुसऱ्याच्या आधीची.

पुढच्या पानावर कप्तानाचं उत्तर होतं, कुरासाव बेटावरून. 'दोरा तेवढाच आला. पोरीला दूध जास्त देत जा.'

मंजूषाने लॅपटॉप मिटला.

"आई, हिला ताप आला तर मला त्याच दिवशी सांगाल ना?"

"अगं, तू इथे बसून काय करणार? बरी झाली की सांगीन."

"नाही, त्याच दिवशी."

"बाबांना अ‍ॅडमिट केलं होतं, तेव्हा कळू दिलं का मी अजितला? रोज फोनवर सांगायचे, फिरायला गेलेत म्हणून. टाके निघाल्यावर सांगितलं. इतक्या लांब बसलेल्या लेकराची झोप कशाला घालवायची?" सासूबाईंच्या आवाजात कुठे खोट नव्हती. त्यांनी नातीची हनुवटी पुसली. "आणि रोज व्हिडिओ कॉल आहेच की. दिसेलच तुला."

संहिता आईकडे झेपावली. मंजूषाने तिला घेतलं. भाताची बोटं केसांत गेली, ती तिने तशीच राहू दिली. सोमवार, करार, पाळणाघराची यादी. कसंही मांडलं तरी आठ महिनेच उरत होते.

तिने सही केली. पोरीने मध्येच पेन धरलं, त्यामुळे सही जरा वाकडी आली.

तेवढ्यात अजितचा फोन आला.

"झाली का सही? अगं, आवाज असा का तुझा? रडतेयस का?"

"छे रे. सर्दी झालीय थोडी. ती भात खातेय मजेत. सगळं छान आहे."

"नक्की?"

"नक्की. तू कर तुझं काम."

तिने फोन ठेवला. सासूबाई उठल्या, उष्टा हात बाजूला धरून दुसरा तिच्या पाठीवरून फिरवला.

"शहाणी गं माझी," त्या म्हणाल्या.