भट्टीचा चोथा

"आज नाही मिळायचा, काकी," फावडं न थांबवता डॉड म्हणाला. "आजच काय, आता कधीच नाही."

एल्स्पेट मिन रिकामी घोडागाडी घेऊन भट्टीच्या आवारात उभी होती. पुढ्यात व्हिस्की गाळून उरलेल्या बार्लीच्या चोथ्याचा वाफाळता ढीग. बार्ली भट्टीला घालायची आणि हिवाळाभर चोथा गायींना न्यायचा, हा व्यवहार तिच्या आजेसासऱ्यापासूनचा. तो ढीग आता डॉड आणि भट्टीतले आणखी तिघे गडी मालगाडीच्या वाघिणींत भरत होते.

"कुठं निघालाय हा?"

"ॲबर्डीनला. शहरातले गवळी रोख मोजतात म्हणे."

"आणि माझ्या गायींनी काय बर्फ खायचा?"

डॉडने मान खाली घातली. तेवढ्यात मॅनेजर लेस्ली हात चोळत बाहेर आला.

"एल्स्पेटबाई, दिवस बदलले. रेल्वे आली, भट्टी दुपटीने वाढली, थेट लंडनला नाव झालं. तुम्हाला तर अभिमान वाटायला हवा."

अभिमान म्हणे! एल्स्पेटच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच माणसाने तिच्या चुलीपाशी बसून, तिच्या हातची ओटची भाकरी खात गोड गोड गप्पा मारल्या होत्या. रूळ भट्टीच्या दारापर्यंत आले की तुमच्या बार्लीचं सोनं होईल, म्हणाला होता. तिने भाबडेपणाने शेतातली पट्टी रुळांसाठी फुकट देऊन टाकली. आणि यंदा याने तिचीच बार्ली परत पाठवली, का तर डेन्मार्कची बोटीने आणि मग रेल्वेने येऊनही स्वस्त पडते. आता चोथाही गेला.

"बर्फ वितळेपर्यंत तरी द्या, साहेब," ती म्हणाली. "पेंढा संपत आलाय. गायी मरतील माझ्या."

"मग विकून टाका. गाडीने पाठवायची सोय झालीय आता."

एल्स्पेटने घोडा वळवला आणि आपली गाडी वाघिणींच्या पुढ्यात, रुळांवर आडवी नेऊन उभी केली. खाली उतरली. घोडा सोडला. मागून इंजिनाने शिट्टी मारली, मग आणखी एक.

"अहो, हा काय तमाशा? ढकला रे ती गाडी बाजूला!" लेस्ली ओरडला.

चौघे गडी फावड्यांवर रेलून उभे राहिले. चौघांच्याही घरी गाय होती.

घोड्याचा लगाम धरून एल्स्पेट घराच्या वाटेला लागली होती. मागे वळूनही न बघता ती म्हणाली,

"माझी गाडी भरली की निरोप धाडा."