हिंगणी रस्त्यावरची चार मिनिटं

सेलू–हिंगणी या नव्या बसचा मार्ग रक्षानं नकाशावर आखला. कॉम्प्युटरनं सर्वांत जवळचा म्हणून सरळ डांबरी रस्ताच निवडला. काम मनासारखं झालं होतं.

फक्त चाचणीच्या बसची जीपीएस रेघ रोज एका जागी रस्ता सोडून हरभऱ्याच्या शेतात शिरायची आणि चार मिनिटांनी परत यायची.

तिनं ड्रायव्हर वासुदेवरावांना विचारलं, "काका, गाडी शेतात काऊन नेता?"

"मी कुठं नेतो, बाई? रस्ता सरळ हाय. पण तिथं आलं का मले लई बरं वाटते. सारी बस गप होऊन जाते."

दुपारी रक्षा मोबाइलचं जीपीएस चालू करून स्वतः स्कूटरवर निघाली. रस्ता खरंच सरळ होता. हँडल कुठंच वळलं नाही. हरभऱ्याजवळ मात्र उगाचच मन हलकं झालं आणि ती गुणगुणू लागली.

ऑफिसात येऊन, खुर्चीत बसून तिनं मोबाइल उघडला. तिची रेघही तिथंच शेतात वळली होती.

ती रेघ परत आलेली नव्हती. निळा ठिपका अजून आत आत चालला होता.

रक्षाला फार बरं वाटत होतं.