सासूबाईंच्या नावचं पाकीट

डॉक्टरांनी मलम लिहून दिलं आणि विचारलं, "वय काय म्हणालात?"

"चौतीस."

"मग कशाला नसत्या शंका काढता? मूळव्याध आहे. बाळंतपणानंतर राहते बऱ्याच जणींना. पाणी प्या, पालेभाज्या खा."

तिला सांगायचं होतं की बाळंतपणाला चार वर्षं उलटली. रक्त तीनदाच दिसलं हे खरं, पण पोट महिनाभर कुरकुरतंय, आणि कंबरेला घट्ट बसणारी पँट आता पट्ट्याशिवाय राहत नाही. तोवर पुढचा पेशंट दारात येऊन उभा राहिला होता. ती उठली.

ती पडद्यांच्या कारखान्यात कामाला होती. कापून आलेल्या कापडाची खालची दुमड ती मशीनवर मारायची आणि वर कड्या बसवायची. हल्ली तिला मशीनवरून दोन-तीनदा उठावं लागे. परत आली की कटिंगमास्तर कात्री न थांबवता विचारायचा, नळ नीट बंद करून आलीस ना. सगळे हसायचे, तीही हसायची.

जेवणाच्या सुट्टीत तिनं फोनवर वाचलं. पन्नाशीच्या आतल्या माणसांत आतड्याचा कर्करोग वाढतोय, आणि का, ते अजून कुणालाच नीट उमगलेलं नाही. खाली एका बाईचा फोटो होता, साधारण तिच्याच वयाची. तिनं तो बोटानं वर सरकवला. मग परत खाली आणला.

तिनं मोठ्या रुग्णालयात फोन लावला. आतून दुर्बिणीनं तपासतात, त्याची तारीख मागितली. पलीकडच्या मुलीनं वय दोनदा विचारून घेतलं आणि सात आठवड्यांनंतरची तारीख दिली.

नवरा जहाजावर. रविवारी पाच मिनिटं फोन यायचा, त्यातली चार लेक टिंगीच खायची. उरलेल्या मिनिटात तिनं सांगितलं, इकडे सगळं छान आहे. तो तरी भर समुद्रात बसून काय करणार होता.

त्याच आठवड्यात सासूबाईंच्या नावानं पाकीट आलं. पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाला आरोग्य केंद्राकडून यायचं तसं. आत एक नळी, एक काडी आणि पत्रक. शौचाचा इवलासा नमुना भरून पोस्टात टाकायचा. डोळ्यांना न दिसणारं रक्तसुद्धा तपासणीत सापडतं, असं पत्रकात ठळक छापलं होतं.

सासूबाईंनी पाकीट फ्रिजवर ठेवलं. त्रेसष्ट वर्षं काही गोष्टी मी आणि संडासाचं दार यांच्यातच राहिल्या आहेत, म्हणाल्या, आता त्या टपालानं पाठवायला लागू की काय?

पाकीट दोन दिवस तसंच पडून होतं. तिसऱ्या दिवशी ती भांडी विसळता विसळता थांबली. सात आठवडे म्हणजे फार झाले. नळी काही वय विचारणार नव्हती.

ती थट्टेच्या सुरात म्हणाली, "आई, तुमच्या नावानं मीच भरून टाकते. नाहीतर दर महिन्याला आठवणीचं पत्र येत राहील."

सासूबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. सुनेनं सासूचं सगळं करावं म्हणतात, पण हे जरा जास्तच झालं, म्हणाल्या. कर काय ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नळी भरली, पाकीट चिकटवलं. ते पर्समध्ये टाकत होती तेव्हा सासूबाई म्हणाल्या, मी टिंगीला बागेत नेणारच आहे, वाटेत पेटी आहे. तुला उशीर होतोय, जा तू.

मग वाट बघणं आलं. कारखान्यातून आली की चपला काढायच्या आधी ती टपालाची पेटी उघडून बघे. टिंगीला बुटांची नाडी बांधायला शिकवायला तिनं याच दिवसांत घेतलं. चार वर्षांच्या पोरीला एवढ्यात कशाला, असं सासूबाई म्हणाल्या. असू दे, ती म्हणाली. एक कान, दुसरा कान, त्याखालून बोगदा. टिंगीचा बोगदा सारखा कोसळायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करताना ती पोरीच्या डोक्याचा वास घेऊन ठेवायची.

त्या दिवसांत सासूबाई जेवण अर्धं टाकायच्या. तिला वाटलं, गुडघे दुखत असतील. विचारायचं मात्र राहून गेलं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. जिन्यातच तिनं ते फाडलं. नमुन्यात रक्ताचा अंश आढळला नाही. पुढील तपासणी दोन वर्षांनी.

ती तिथंच पायरीवर बसली. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ पिशवी सांभाळत बाजूनं गेले तरी तिला उठवेना. डॉक्टर खरंच बोलत होते तर. पोट कुरकुरतं ते काळजीनं, वजन उतरलं तेही काळजीनंच. तिनं रुग्णालयाला फोन लावला आणि तारीख रद्द केली. आता सोडलीत तर पुढची पाच महिन्यांनी मिळेल, मुलीनं बजावलं. ती म्हणाली, कुणा गरजूला द्या, मला नको.

ती पुन्हा खाली उतरली आणि कोपऱ्यावरून कलिंगड घेऊन आली. टिंगीच्या कोपरापर्यंत रस ओघळला, कुणी रागावलं नाही. मग तिनं सहज सांगावं तसं सांगितलं की ते पाकिटाचं पत्र आलंय, काही निघालं नाही.

सासूबाईंनी हात धुतले, चष्मा लावला. पत्र दोनदा वाचलं. आणि त्या चक्क रडू लागल्या.

तिला हसू आलं. "अहो आई, रडताय काय? ते तुमचं थोडंच आहे?"

"तेच सांगायचंय. रागावू नकोस." सासूबाईंनी डोळे पुसले. "तुझी नळी मी कचऱ्यात टाकली. केंद्रावर जाऊन दुसरी मागून आणली आणि माझीच पाठवली. कधीपासून धाकधूक होती गं मनात, पण सांगणार कुणाला?" त्यांनी कलिंगडाची मधली, गोड फोड उचलून तिच्या ताटलीत ठेवली. "आणि तुझं तपासून काय कळणार होतं? तुझं ठीकच असणार. तुझं वय ते काय."