काकासाहेबांचा थांबा

आरशात काकासाहेब धावताना दिसले आणि सांडूनं मोटारीचा वेग वाढवला.

पायात जोडा नाही, डोक्याला टोपी नाही. धोतराचा सोगा एका हातात आणि दुसरा हात वर. पन्नाशी उलटलेला हा गब्बर माणूस जन्मात कधी कुणामागं धावला नव्हता. "ए सांडू! थांब! थांब रे!" मोटारीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं. मागच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "थांब की बाबा. कायतरी इपरीत दिसतंय."

"टायम झाला, मावशे," सांडू म्हणाला. "आता निजामाचं राज नाय. गाडी कुणासाठी थांबत नाय."

मोटारीत हशा पिकला. एकानं टाळ्याही वाजवल्या. पुढच्या वळणावर काकासाहेब धुळीत दिसेनासे झाले, तेव्हा सांडू जरा हळहळलाच. अजून थोडं पळवायला हवं होतं त्यांना.

स्टेशन ते शहागंज अशी ही सर्व्हिस. कंपनीच्या तीन मोटारी होत्या आणि तिन्ही पदमपुऱ्यात काकासाहेबांच्या फाटकापुढं उभ्या राहायच्या. तिथं थांबा नव्हता. पण निजामाच्या काळात कंपनीला पेट्रोलचं परमिट मिळायचं ते काकासाहेबांच्या शब्दावर. त्यामुळं त्यांना कचेरीत जायचं असलं की मोटार फाटकाशी थांबे. आत त्यांची आंघोळ व्हायची, पूजा व्हायची, पान जमायचं. बाहेर माणसं घाम पुसत बसायची. कुणी ब्र काढत नसे. मोठ्यांचं सगळंच मोठं, उशीरसुद्धा.

आठ वर्षांत सांडूनं तिथं एकदाच भोंगा वाजवला होता. काकासाहेब अर्धी दाढी झालेल्या तोंडानं बाहेर आले. त्यांनी त्याला खाली उतरवलं, सगळ्यांदेखत त्याच्या मुस्काटात मारली आणि उरलेली दाढी करायला परत आत गेले. मोटार आणखी अर्धा तास उभी होती. त्या दिवशी मागच्या बाकावर सरूबाई होती. लग्नाला महिना झालेला. नवऱ्याची मोटार बघायला हौसेनं आलेली. ती त्याबद्दल एका शब्दानं बोलली नाही. पण त्या मोटारीत पुन्हा कधी बसलीही नाही. गालावरचा वळ तासाभरात गेला. बायकोसमोर खाल्लेली थप्पड मात्र सांडूला रोज लागायची.

मग पोलीस ॲक्शन झाली. निजाम गेला, परमिटं गेली, काकासाहेबांच्या शब्दाचं वजनही गेलं. कंपनीत मधुसूदनराव नावाचे नवे मॅनेजर आले. त्यांनी जुनी उर्दू पाटी काढून मराठी पाटी लावली: गाडी वेळेवर सुटेल, कोणासाठीही थांबणार नाही. सांडूला वाचता येत नव्हतं. त्यानं ती पाटी तिघांकडून वाचून घेतली.

पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. काकासाहेब टांग्यानं जाऊ लागले. मोटारीच्या वेळेला फाटकाबाहेर फिरकेनात. पंधरा दिवस सांडू त्या फाटकाकडं आशेनं बघत गेला, आणि आज त्या आशेचं सोनं झालं.

शहागंजला त्यानं ही गोष्ट चारचौघांत सांगितली. दुसऱ्यांदा सांगताना काकासाहेब ठेचकाळले, तिसऱ्यांदा तोंडावर आपटले. सरूला कशी सांगायची तेही त्यानं ठरवून टाकलं. तिला आठवा लागला होता. पुढच्या आठवड्यात ती बाळंतपणाला माहेरी, पाचोडला जाणार होती. हल्ली ती कशानं हसत नसे. आज हसली असती. घर काही लांब नव्हतं, काकासाहेबांच्या फाटकाशेजारच्या बोळातच होतं. दुपारी भाकरी खायला गेलं की सांगायचं. सांडू इतका खूश होता, की परतीच्या फेरीत तो गाणं गुणगुणत होता.

तासाभरानं मोटार पदमपुऱ्यात आली. काकासाहेब फाटकाबाहेर दगडावर बसले होते. पाय अजून अनवाणीच, धुळीनं भरलेले. सांडूला राहवलं नाही. आठ वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिथं आपल्या मर्जीनं ब्रेक दाबला आणि दुसऱ्यांदा भोंगा वाजवला.

"काय काकासाहेब, झाली का दाढी? या, बसा."

मोटारीत कुणी हसलं नाही. काकासाहेबांनी मान वर केली नाही.

फाटकाच्या आत लिंबाखाली एक बाज होती. भोवती बोळातल्या बायका उभ्या होत्या. बाजेवर डोक्यापासून पायापर्यंत चादर ओढलेली. बाजेखालची माती ओली झालेली. चादरीबाहेर एक हात आला होता आणि हातात हिरवा चुडा होता. तो चुडा सांडूनंच गुलमंडीवरून आणला होता.

तो कधी खाली उतरला, त्याचं त्याला कळलं नाही. शेजारची साळूबाई पदरानं तोंड पुसत पुढं आली.

"रगत थांबंना रे. मोटारीत घालाया बाजंसकट हितवर आणली. दवाखान्यात न्यायचं, तर टांगा मिळंना. आम्हीच तुही मोटार आडवायला पळत व्हतो, तर सरू म्हणली, 'तुमच्यासाठी मोटार थांबायची नाय. काकासाहेबांला पाठवा. त्यांच्यासाठी माजे मालक हमेशा थांबत्यात.'"