मागच्या रांगेतले लोक

“हिची जांभई बघा,” बायको म्हणाली. “दाढेतली चांदीसुद्धा दिसतेय.”

फोटोग्राफर दारात बूट चढवत होता. अकरा वाजता आजच्या लग्नाला पोचायचं होतं. एका पायात बूट घालूनच तो टेबलाशी आला. लॅपटॉपवर कालचं लग्न उघडं होतं. मागच्या रांगेत कुणाची तरी मावशी जांभई देत होती आणि तिचा एकेक दात मोजून घ्यावा इतका स्वच्छ आला होता. पुढे उभी असलेली नवरी मात्र धुक्यात हरवल्यासारखी.

“एखादा जातो असा.”

“एखादा?” तिने पुढचा फोटो उघडला. नवरदेव अंधुक, मागचा वाढपी लख्ख. त्याच्या पुढचा. नवरीचे वडील अंधुक, मागे खुर्च्या रचणारा लख्ख. “मागच्या रांगेतले लोक तुमच्यावर भलतेच खूश होणार.”

लग्नाचा महिना होता. वीस दिवसांत सतरा कामं उरकली होती, नऊ अजून व्हायची होती. काढायचं त्याने आणि निवडायचं तिने, असा त्यांचा तीस वर्षांचा संसार. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या बोटभर पडद्यावर त्याला सगळंच छान दिसायचं. घरी आला की तो कॅमेरा तिच्या हातात द्यायचा आणि आडवा व्हायचा. फोटो मोठे करून बघायचे ते तिनेच.

“लेन्सचंच काम आहे हे,” तो म्हणाला. “त्या दुरुस्तीवाल्याला आता सोडत नाही मी. दोनदा दिली, दोन्ही वेळा तशीच परत.”

दुसऱ्या वेळी लेन्स आणायला तीच गेली होती. दुरुस्तीवाल्याने आवाज खाली आणून सांगितलं होतं, “वहिनी, लेन्स ठणठणीत आहे. दादांचे डोळे दाखवून घ्या.” आठ दिवस तिने ते पोटात ठेवलं. अंधुक फोटो मुकाट्याने बाजूला काढत राहिली आणि चांगले तेवढे गिऱ्हाइकांना पाठवत राहिली. आधी शंभरातले दहा वाया जायचे, मग तीस जाऊ लागले. कालच्या लग्नाचा अल्बम कसाबसा भरला असता. आजचा भरेल असं तिला वाटत नव्हतं.

“लेन्स ठणठणीत आहे,” ती म्हणाली. “त्यानेच सांगितलंय मला. डोळे दाखवा म्हणाला.”

“कुणाचे? माझे?” तो इतक्या जोरात हसला की ते हसू खरं नव्हतं हे तिला लगेच कळलं. “अगं, तीस वर्षं या बोटांनी फोकस करतोय मी. बटणावर चालणारे फोटोवाले वेगळे!”

“मग काढा माझा.”

ती उठली आणि खिडकीच्या पडद्यापुढे दोन पावलं सोडून उभी राहिली. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. लेन्सची रिंग हळूच फिरवली, थांबला, पुन्हा केसभर फिरवली. खटका वाजला.

दोघांनी फोटो लॅपटॉपवर मोठा करून पाहिला. पडद्याचा धागा न् धागा दिसत होता. त्याच्यापुढे ती होती, चहाच्या वाफेआडून पाहावी तशी.

“तू हललीस.”

“तीस वर्षांत कधी हलले होते?”

त्याने पुन्हा काढला. पुन्हा पडदाच.

तो खुर्चीवर बसला. एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा.

“पण मला तर तू स्पष्ट दिसत होतीस,” तो म्हणाला. “अगदी स्पष्ट.”

“किती सुरकुत्या दिसल्या?”

“सुरकुत्या?” तो खरोखरच गोंधळला. “कुठे आहेत सुरकुत्या?”

तिला हसू फुटलं. हसता हसता तिने तोंड खिडकीकडे वळवलं आणि जरा वेळ तसंच ठेवलं.

सव्वादहा झाले होते. त्याने कॅमेरा मांडीवर घेतला. लेन्सच्या कुशीला आपोआप फोकस करायचं छोटंसं बटण होतं. हा कॅमेरा घेतल्यापासून त्याने त्याला हात लावला नव्हता. कडेने धूळ धरली होती. त्याने ते नखाने सरकवलं.

“उभी राहा. आजचं काम असंच करून बघतो.”

लेन्स आपली आपण घुरघुरली. त्याने कडू औषध घेतल्यासारखं तोंड केलं आणि खटका दाबला.

या वेळी सगळं आलं. डोळ्यांच्या कडेच्या रेषा आल्या, भांगातले पांढरे आले, कानाच्या पाळीला लागलेलं सकाळचं पीठसुद्धा आलं.

“शी! काढून टाका हा,” म्हणत तिने हात पुढे केला. त्याने तो धरून ठेवला. दुसऱ्या हाताने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, लॅपटॉपभर तिचा चेहरा झाला. तो वाकून बघत राहिला. मग त्याने डोळ्याखालच्या एका रेषेवर बोट टेकवलं.

“ही कधी आली?”

“थोरली लग्न होऊन गेली तेव्हा.”

“आणि ही?”

“सासूबाईंच्या दुखण्यात.”

दोन्ही भुवयांच्या मधोमध एक उभी रेघ होती. तिच्यापाशी त्याचं बोट जरा जास्त थांबलं.

“ही?”

“ही या महिन्यातली,” ती म्हणाली.

त्याने तिचा हात सोडला. खिशातून फोन काढला आणि तिच्यापुढे सरकवला.

“डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर तूच शोध,” तो म्हणाला. “मला ते बारीक अक्षर आता दिसत नाही गं.”