बाबांची नवी मॅग्नम

गेल्या हंगामात अंगावर आलेल्या रानरेड्यावर बाबांची गोळी चुकली आणि आमचा वाटाड्या थोडक्यात वाचला. तेव्हापासून बाबांचं एकच, "त्या रायफलीत दमच नाही!" आज पोलोक्वाने शहरातून त्यांनी सगळ्यात दांडगी मॅग्नम रायफल आणली आणि मला म्हणाले, "हेस्टर, भर गोळी!"

शिकारीला आलेल्या पाहुण्यांना बाबा आधी गुपचूप एक नकली काडतूस भरून देतात. गोळी सुटताना बसणाऱ्या धक्क्याच्या धास्तीने डोळे मिटणारा त्यात पकडला जातो. मी तेच भरलं.

बाबांनी नेम धरून चाप ओढला. नुसतं 'खट्' झालं. बाबांचा खांदा मात्र उडाला, डोळे गच्च मिटलेले.

त्यांनी रायफलीचा बोल्ट मागे ओढून ते नकली काडतूस बाहेर काढलं, पाहिलं आणि रायफल माझ्याकडे दिली. "खांद्याला लावून बघ, पोरी. उद्या पाहुण्यांबरोबर तू जा."